लँडस्केप आर्किटेक्चरचे पदव्युत्तर शिक्षण : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे कार्यालय नाशिक आणि परिसरात बंगल्यांच्या बागा, सोसायट्यांची मोकळी आवारे आणि शेतघरांभोवतीचा परिसर यांचे आराखडे करून देते. कामाची बोलणी आटोपून चहा येतो, तेव्हा बऱ्याच घरांत एक प्रश्न हमखास निघतो : "आमची मुलगी हेच शिकायचे म्हणते आहे, कुठे पाठवावे?" या प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखे नाही, आणि अर्धवट दिले तर एखाद्याची दोन वर्षे आणि काही लाख रुपये भलत्याच वाटेला लागू शकतात. म्हणून हे माहितीपत्रक. आम्ही कोणत्याही महाविद्यालयाचे प्रतिनिधी नाही आणि प्रवेशासाठी कोणाकडून दलाली घेत नाही, हे आधीच नमूद केलेले बरे.

नावातला घोळ

सर्वांत मोठा गोंधळ नावापासून सुरू होतो. वास्तुकला महाविद्यालयांत दोन वर्षांची एम.आर्क. पदवी लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांची आखणी, या विषयात मिळते. कृषी विद्यापीठांत उद्यानविद्येची एम.एस्सी. मिळते, आणि तिच्यातील एका शाखेचे नाव अनेक वर्षे 'फ्लोरिकल्चर अँड लँडस्केप आर्किटेक्चर' असेच होते. नव्या अभ्यासक्रमात ते 'फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग' झाले असले, तरी जुने नाव विभागांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे. दोन्ही पदव्या चांगल्या आहेत. मात्र त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, आणि एकीचा प्रवेश घेऊन दुसरीच्या नोकरीची वाट पाहणारे तरुण आमच्याकडे अधूनमधून येतात.

फरक कसा, ते आमच्याच एका चुकीवरून सांगतो. गंगापूर रोडवरील एका सोसायटीत पार्किंगच्या स्लॅबवर बाग करायची होती. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १.८ टन धरले, तर ६० सेंटिमीटर थराखाली स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टनाहून अधिक भार येतो. हा हिशेब आम्ही नीट केला, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतला, मातीत कोकोपीट मिसळून वजनही उतरवले. चूक झाली ती पाण्याच्या निचऱ्यात : पाणी बाहेर नेणाऱ्या तोंडांवर जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणारे, कापड घालायचे राहिले. पहिल्याच पावसाळ्यात गाळ बसून तोंडे बुजली, बागेत पाणी साचले आणि ओलावा अजिबात न सोसणाऱ्या देवचाफ्याची मुळे कुजली. स्लॅबचा भार, वॉटरप्रूफिंग, उतार आणि पाण्याची वाट हा एम.आर्क.च्या शिक्षणाचा गाभा आहे. देवचाफ्याऐवजी त्या जागी काय तगले असते, मातीच्या मिश्रणात काय बदलायला हवे होते आणि झाड पिवळे पडू लागले तेव्हाच त्यातून काय ओळखायला हवे होते, हे एम.एस्सी. झालेला माणूस अधिक खात्रीने सांगतो. चांगल्या कामाला दोघेही लागतात, आणि आपल्या पाल्याला यांपैकी कोणत्या बाजूला बसून दिवसाचे आठ तास काढायला आवडेल, हा खरा पहिला प्रश्न आहे.

बी.आर्क. झालेल्यांसाठी

पाच वर्षांची बी.आर्क. पूर्ण केलेल्यांना वाट सरळ आहे. आपल्या देशात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली सुरू झाले. योगायोगाने वास्तुविशारद कायदाही त्याच वर्षीचा. आज दिल्लीबरोबरच भोपाळ आणि विजयवाडा येथील त्याच नावाच्या केंद्रीय संस्थांत, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि आपल्याला जवळचे म्हणजे पुण्यातील डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. जागा सगळीकडे मोजक्याच असतात.

केंद्रीय संस्थांत प्रवेशासाठी 'गेट' या देशपातळीवरील पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग या विषयाचे गुण धरले जातात. या प्रश्नपत्रिकेचा एक भाग सर्वांना समान असतो, तर दुसऱ्या भागात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांपैकी एक निवडावा लागतो. गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात आणि परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते, त्यामुळे बी.आर्क.च्या चौथ्या वर्षी एकदा देऊन पाहावी, असे आम्ही सुचवतो. पहिल्या प्रयत्नात निदान वेळेचा अंदाज येतो. इतर महाविद्यालयांच्या प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात. तेव्हा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे ऐकून न थांबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

शिक्षणाचा बराचसा वेळ स्टुडिओत जातो. एखादी खरी जागा घ्यायची, तिचे सर्वेक्षण करायचे, समपातळी रेषांचा नकाशा काढायचा आणि मग आराखड्याकडे वळायचे, असा तो क्रम असतो. वनस्पती, परिसंस्था, भूरूप, बांधकामाचे तपशील आणि बागांचा इतिहास हे विषय त्याच्या जोडीला असतात, आणि शेवटच्या सत्रात प्रबंध. नाशिकचे विद्यार्थी प्रबंधासाठी रामकुंड ते तपोवन हा गोदावरीचा पट्टा हौसेने घेतात आणि त्याच्या आवाक्याने बेजार होतात. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून पूर मोजणे प्रत्येक नाशिककराला येते. पण तोच पूर नकाशावर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची लाल रेषा म्हणून वाचणे, आणि त्या दोन रेषांमध्ये काय बांधावे व काय मुळीच बांधू नये हे ठरवणे, हे वेगळे काम आहे. एका नाल्याचा अर्धा किलोमीटर घेऊन नीट केलेला प्रबंध आम्हाला नोकरीच्या मुलाखतीत अधिक पटतो.

कृषी आणि उद्यानविद्येच्या वाटेने

द्राक्षबागायतदारांच्या जिल्ह्यात ही वाट अनेक घरांना ओळखीची वाटते. बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या ही चार वर्षांची पदवी घेतल्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा आणि राज्याची स्वतंत्र प्रक्रिया, असे दोन दरवाजे आहेत. राज्यातील चार कृषी विद्यापीठांपैकी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या जिल्ह्यासाठीचे. फुलशेती आणि लँडस्केपिंग या शाखेच्या जागा कोणत्या विद्यापीठात, कोणत्या परिसरात आहेत, हे मात्र अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. रोपवाटिका, महापालिकांचे उद्यान विभाग, मोठ्या वसाहतींची देखभाल आणि संशोधन ही या पदवीची हक्काची क्षेत्रे आहेत. आम्हाला स्वतःला चांगल्या एम.एस्सी. पदवीधराची गरज चांगल्या आराखडेकाराइतकीच भासते, आणि खरे सांगायचे तर तो मिळणे जास्त अवघड जाते.

'आर्किटेक्ट' हा शब्द

येथे कायद्याची एक बाब स्पष्ट करणे भाग आहे. १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते, आणि नोंदणीसाठी वास्तुकलेची मान्यताप्राप्त पदवी लागते. लँडस्केप आर्किटेक्टची वेगळी वैधानिक नोंदणी आपल्याकडे नाही. २००३ साली स्थापन झालेली इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांची संघटना आहे, परवाना देणारे मंडळ नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असेही स्पष्ट केले की या कायद्याने संरक्षण आहे ते उपाधीला, काम करण्यावर त्याने सरसकट बंदी येत नाही. थोडक्यात, उद्यानविद्येचा पदवीधर बागांचे आराखडे करू शकतो. फक्त पाटीवर 'आर्किटेक्ट' लिहू शकत नाही. काही महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत 'लँडस्केप आर्किटेक्ट व्हा' असे लिहिलेले दिसले, तर पैसे भरण्यापूर्वी ही बाब आठवावी. त्या अभ्यासक्रमात झाडांची ओळख आणि सॉफ्टवेअर चांगले शिकवत असतीलही, पण ती पदवी नव्हे.

परदेशात जायचे असल्यास

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९०० साली या विषयाचे शिक्षण सुरू केले. तिथली 'मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर' ही पदवी आपल्याकडील मुलांना एका कारणासाठी मोलाची ठरते : कोणत्याही विषयात पदवी घेतलेल्यासाठी साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि वास्तुकलेची पदवी असल्यास बऱ्याच ठिकाणी तो दोन वर्षांत पूर्ण होतो. म्हणजे वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा चित्रकला शिकलेल्यालाही दार उघडे आहे, जे आपल्याकडच्या एम.आर्क.ला नाही. मात्र अभ्यासक्रमाला तिथल्या लँडस्केप आर्किटेक्चरल अ‍ॅक्रेडिटेशन बोर्डाची मान्यता आहे का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण पुढे राज्याचा परवाना काढताना त्याच मान्यतेचा प्रश्न येतो. परवान्यासाठी चार भागांची वेगळी परीक्षा असते. जुलै २०२३ मध्ये हा विषय अमेरिकेच्या 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) विषयांच्या यादीत आला, त्यामुळे शिक्षणानंतर मिळणाऱ्या एका वर्षाच्या कामाच्या मुदतीला आणखी २४ महिन्यांची जोड मिळू शकते. पण व्हिसाचे नियम बदलते असतात, कर्जाचा हिशेब केवळ या मुदतीवर मांडू नये.

ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूट ही १९२९ पासूनची संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते, आणि शेफील्ड व एडिंबरा ही तिथली या विषयातील जुनी नावे. पाणी, पूर आणि सखल जमीन यांत रस असेल, तर नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि वाखेनिंगन यांचा विचार जरूर करावा. दोन्हीकडे दोन वर्षांचे शिक्षण इंग्रजीतून मिळते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाकडे पाहावे.

वास्तुकलेची पदवी न घेता परदेशातून ही पदवी आणली आणि परत नाशिकला काम करायचे ठरवले, तर उपाधीबाबत वर सांगितलेली अडचण कायम राहते. घरातल्यांनी याची चर्चा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी करावी.

आणखी एक वाट उल्लेखापुरती : पर्यावरण नियोजनातील एम.प्लॅन., म्हणजे नियोजनाची पदव्युत्तर पदवी. वास्तुकलेबरोबरच सिव्हिल इंजिनिअर आणि भूगोलाचे पदव्युत्तर पदवीधर यांनाही ती सहसा खुली असते. बागेपेक्षा नदीचे खोरे, जिल्हा आणि धोरण यांत ज्याचे मन रमते, त्याच्यासाठी ती आहे.

पोर्टफोलिओ आणि आधीचे वर्ष

परदेशातील बहुतेक संस्था आणि आपल्याकडील काही संस्था कामाचा पोर्टफोलिओ मागतात. आमच्याकडे पाहायला येणाऱ्या पोर्टफोलिओंत संगणकावर रंगवलेली हिरवी चित्रे भरपूर असतात आणि मोजमाप घेतलेले एकही पान नसते. त्यापेक्षा आपल्याच घरासमोरच्या ओढ्याचा छेद हाताने काढावा, टेप लावून काठाची उंची मोजावी, उन्हाळ्यात आणि श्रावणात तिथे कोणती झाडे-झुडपे दिसली ते नावानिशी लिहावे. इगतपुरीला पाऊस धो-धो कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात येवल्याकडे टँकर धावतात. दोन्हीकडच्या एकेका अंगणाची मातीपासून तुलना केलेली चार पाने आम्ही एकदा पाहिली, आणि त्या मुलीला दुसऱ्याच दिवशी उमेदवारीवर घेतले.

शक्य असेल तर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांमध्ये एक वर्ष साइटवर काढावे. मुरमावर लाल माती किती पसरावी, पेव्हर ब्लॉकखाली थर कसे द्यावेत, माळीकाका सांगतात ते कधी ऐकावे आणि कधी नाही, हे तिथेच कळते. ज्यांना नोकरी सांभाळून आधी झाडांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी आपल्याच गावातील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषिविषयक अभ्यासक्रमांची चौकशी करावी.

आमच्या ग्राहकांच्या पाल्यांना आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी कार्यालयात विनामूल्य भेटतो. येताना पदवीच्या गुणपत्रिका, हाताने काढलेली किमान पाच चित्रे किंवा मोजणीची पाने, आणि एखाद्या संस्थेचे माहितीपत्रक आले असल्यास तेही आणावे. पालकांनी सोबत यावे. पण पहिली पंधरा मिनिटे आम्ही मुलाशी किंवा मुलीशी एकट्यानेच बोलतो.