बीओ मोटर की सर्वो? लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी हे बघून घ्या

सायन्स एक्झिबिशनसाठी सहावी-सातवीची पोरं सामानाची यादी करतात त्यात बहुतेक वेळा नुसतं 'मोटर' एवढंच असतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती यादी दाखवली की काउंटरवाला एकतर पिवळी बीओ (बॅटरी ऑपरेटेड) मोटर पुढे करतो नाहीतर निळी छोटी सर्वो. दोन्ही मुठीत मावतात, दोन्हींच्या आत डीसी मोटर आणि प्लॅस्टिकचे गिअर, मग एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटणारच. चालत नाही.

पिवळीचं काम सरळ आहे. दोन टोकांना बॅटरी लावली की फिरते, वायरी उलट केल्या की उलटी फिरते, व्होल्टेज वाढवलं की जोरात फिरते. आपण किती फिरलो, आत्ता कुठे आहोत, याचा तिला पत्ताच नसतो. गाडी, लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारा रोबोट), सरकता पट्टा, जिथे गरगर फिरायचंच काम आहे तिथे हीच घ्या, जास्त डोकं लावू नका.

सर्वोमध्ये खरी गंमत आहे. सगळीकडे मिळते ती एसजी९०, वजन ९ ग्रॅम, वायरी तीन: तपकिरी ग्राउंड (म्हणजे निगेटिव्ह), लाल पॉझिटिव्ह, नारिंगी सिग्नल. चार स्क्रू काढून आत बघितलंत (एखादी बिघडलेली असेल तर पोरांना जरूर उघडू द्या) तर मोटर-गिअरसोबत एक बारीक सर्किट दिसतं आणि एक पोटेन्शिओमीटर दिसतो, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसलाच. तो शेवटच्या गिअरला जोडलेला असतो, त्यामुळे शाफ्ट फिरला की तोही फिरतो. आर्डुइनो, म्हणजे आपला कोड चालवणारा छोटा बोर्ड, सिग्नलच्या वायरीवर दर २० मिलिसेकंदाला एक पल्स (विजेचा छोटासा ठोका) पाठवतो, ती साधारण दीड मिलिसेकंदाची असली की अर्थ होतो मध्यावर, ९० अंशाला ये. सर्किट बघतं की सांगितलंय कुठे आणि पोटेन्शिओमीटर दाखवतोय कुठे, आणि फरक संपेपर्यंत मोटर फिरवत राहतं. हाताने जरा ढकललंत तर घुर्र करून परत जागेवर येते ती याचमुळे.

आता रेल्वे फाटकाचं मॉडेल घ्या, दिवा स्टेशनच्या फाटकाला ताटकळलेल्यांना वेगळं सांगायला नको. दांडा ९० अंश वर जाऊन थांबला पाहिजे. बीओ मोटरवर हे करायचं तर कोडमध्ये 'अर्धा सेकंद फिर' असं लिहावं लागतं, सकाळी नव्या सेलवर दांडा बरोबर उभा राहतो, दुपारपर्यंत सेल उतरले की तेवढ्याच वेळात तो अर्ध्यातच लटकतो आणि परीक्षक नेमके तेव्हाच येतात. सर्वोला नुसतं ९० सांगायचं. आपोआप उघडणारा डस्टबिन, रोबोटचा हात, हे सगळं तिचंच काम.

जोडणीतही फरक आहे. आर्डुइनो उनोच्या पिनमधून साधारण २० मिलिअँपिअरच घ्यावेत, बीओ मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतात, म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे पिनच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट मोटरला देणारं सर्किट, हवाच. एल२९८एन नावाचा ड्रायव्हर घेतलात तर तो स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो, चार सेलवर गाडी मरगळलेली वाटते ती त्यामुळे. सर्वोचा ड्रायव्हर तिच्या पोटातच असतो, सिग्नलची वायर थेट पिनला जाते. एक सर्वो बोर्डच्या पाच व्होल्टवर बिनालोड चालून जाते, दोन-तीन लावल्या की बोर्ड सारखा रिसेट व्हायला लागतो आणि पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात. चार पेन्सिल सेल वेगळे द्या, ग्राउंड मात्र आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा, नाहीतर सर्वो नुसती थरथरते. आणि ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरला नको हो, कुठल्याच, तिच्यात तेवढा करंटच नसतो.

दुकानात सर्वो मागताना '१८० वाली' (० ते १८० अंशात फिरणारी) असं स्पष्ट सांगा, कारण तशीच दिसणारी ३६० वाली पण मिळते आणि ती सहसा नुसती फिरतच राहते, कोडमधला आकडा तिच्यासाठी कोन नसून वेग असतो. घरी आल्यावर सर्वोच्या शाफ्टवर बसतं ते पांढरं पातं लगेच बसवू नका, आधी कोडने ९० वर आणा आणि मगच बसवून स्क्रू आवळा.