सांताक्रूझ बोर्डवॉकवरील ऐतिहासिक राइड

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पॅसिफिक किनाऱ्यावर १९०७ पासून असलेल्या ‘सांताक्रूझ बीच बोर्डवॉक’ या मनोरंजन उद्यानातील दोन जुन्या राइड (मुंबईच्या सांताक्रूझशी साम्य नावापुरतेच). १९११ चा मेरी-गो-राउंड आणि १९२४ चा ‘जायंट डिपर’ हा लाकडी रोलर कोस्टर, या दोघांना १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

मेरी-गो-राउंड चार्ल्स लूफ यांनी घडवला. त्यावर ७३ घोडे आहेत, शेपट्या खऱ्या घोड्याच्या केसांच्या. अमेरिकी मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे बघ्यांना घोड्याची उजवी बाजू दिसते आणि बहुतेक कोरीवकाम तिच्यावरच असते. डावीकडे कारागिराने हात आखडता घेतलेला दिसतो. असे घोडे अखंड ओंडक्याचे नसतात. फळ्या चिकटवून धड पोकळ करतात, म्हणजे वजन घटते आणि लाकूड तडकत नाही. दमट हवेत सांधे उकलतात. पाय मात्र लाकडाच्या तंतूंच्या रेषेवर मोडतात. बाहेरच्या रांगेतील स्वाराने फिरता फिरता बाजूच्या यंत्रातून कडी ओढायची आणि विदूषकाच्या चित्राच्या उघड्या तोंडात फेकायची, ही येथील जुनी गंमत. अशा कड्या देणारे यंत्र आता मोजक्याच ठिकाणी उरले आहे.

जायंट डिपर चार्ल्सचे पुत्र आर्थर लूफ यांनी ४७ दिवसांत, सुमारे ५०,००० डॉलर खर्चून उभारला. उंची ७० फूट, रूळमार्ग अर्धा मैल, कमाल वेग ताशी सुमारे ८८ किमी. आधी अंधारा बोगदा, मग साखळीची चढण. चढताना येणारा ‘टक टक’ आवाज गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिटीचा. साखळी सुटली की पुढे इंजिन नाही. चढणीवर कमावलेल्या उंचीवरच सगळी धाव. चाके तीन जातींची: वरची भार पेलणारी, बाजूची वळणावर आवरणारी, खालची टेकाडावर गाडी उचलू न देणारी.

लाकडी कोस्टरचा मार्ग म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि माथ्यावर पोलादी पट्टी. ओलाव्याने लाकूड फुगते, उन्हाने आकसते, आणि बोल्ट ढिले पडतात. खारा वारा त्यांना गंजवतो तो वेगळाच. म्हणून उद्यान उघडण्याआधी मार्गावरून पायी फिरून तपासणी करावी लागते. झीज सर्वाधिक होते ती उताराच्या तळाशी, कारण गाडीचा दाब तेथेच वाढतो. तेथील फळ्या वेळोवेळी बदलाव्या लागतात.