सेफॉलॉजी: खड्यांपासून निकालापर्यंत

निकालाच्या दिवशी चॅनेलवाले ज्यांना ‘सेफॉलॉजिस्ट’ म्हणून बसवतात, त्यांच्या शास्त्राचं, म्हणजे निवडणुकांच्या अभ्यासाचं, नाव खड्यावरून पडलं आहे. ग्रीकमध्ये ‘प्सेफोस’ म्हणजे खडा. अथेन्समध्ये मत खड्याने देत.

इ.स.पू. चौथ्या शतकात तिथल्या न्यायालयांत खड्यांच्या जागी ब्राँझच्या चकत्या आल्या. प्रत्येक पंचाला दोन मिळत. दोन्हींच्या मधोमध छोटा दांडा, एकीचा पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीच्या बाजूने, भरीव म्हणजे आरोपीच्या. हिशेबात धरायची चकती ब्राँझच्या भांड्यात टाकायची, उरलेली लाकडी भांड्यात. दांड्याची टोकं चिमटीत झाकली की शेजारच्यालाही पत्ता लागत नसे. गुप्त मतदानाची ही युक्ती मला आजच्या यंत्राइतकीच चलाख वाटते. अशा चकत्या अथेन्सच्या उत्खननात मिळाल्या आहेत.

‘सेफॉलॉजी’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा. ऑक्सफर्डचे इतिहासकार आर. बी. मॅक्कलम यांना निवडणुकांच्या अभ्यासासाठी नाव हवं होतं. ग्रीकचे जाणकार डब्ल्यू. एफ. आर. हार्डी यांनी १९४८ मध्ये ते घडवून दिलं आणि निवडणुकांचे ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांनी ते रुळवलं.

आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर चिन्ह चिकटवलेलं. शिक्का वगैरे काही नाही. कागद हव्या त्या पेटीत टाकला की झालं. म्हणजे अथेन्सच्या उलट: तिथे मत चकतीवरून ठरे, इथे पेटीवरून! त्यातल्या लाखो पेट्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनल्या.

‘कोण येणार?’ एवढंच हे शास्त्र सांगतं, असा आपला समज. खरी मेख मतांच्या जागा कशा होतात यात आहे. बटलर, प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी भारतासाठी विरोधी ऐक्याचा निर्देशांक वापरला: विरोधकांना मिळालेल्या एकूण मतांपैकी त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या पक्षाची मतं किती टक्के? आकडा जितका कमी, तितकी फाटाफूट जास्त.

२००९ ची उत्तर मुंबई घ्या. काँग्रेसच्या संजय निरुपम यांनी भाजपच्या राम नाईक यांना ५,७७९ मतांनी हरवलं. नाईकांना सुमारे २ लाख ४९ हजार मतं, मनसेला जवळजवळ १ लाख ४७ हजार. बाकीचे किरकोळ उमेदवार सोडले तर निर्देशांक ६३ च्या आसपास येतो. मनसेची सगळी मतं नाईकांकडेच वळली असती, असं कुणी छातीठोक सांगू नये. पण त्यातली चार-पाच टक्के वळली असती तरी निकाल फिरला असता.

आणि २०२४ मध्ये वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. हजार जणांच्या पाहणीत दोन-तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते. नऊ लाखांहून जास्त मतं पडलेल्या मतदारसंघात दोन टक्के म्हणजे अठरा हजारांच्या वर. अशी जागा आधी कुणी बरोबर सांगितलीच, तर ते त्याचं नशीब समजावं.