जुन्या रेसिंग सायकलीची चमक कुठून येते?

इटलीत विचेन्झा इथल्या कॅम्पान्योलो कंपनीने १९६७ साली ‘नुओवो रेकॉर्ड’ हा मागचा डिरेल्युअर आणला. साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा हा भाग. आधीच्या ‘रेकॉर्ड’चं अंग क्रोम चढवलेल्या काशाचं होतं, याचं ॲल्युमिनिअमचं. त्या काळातले डिरेल्युअर, क्रँक (पॅडल ज्याला लागतं तो दांडा), ब्रेक लिव्हर आज जुन्या सायकलींच्या शौकिनांच्या हाती येतात तेव्हा धुरकट, करडे झालेले असतात. मग मेटल पॉलिशची ट्यूब निघते, तासभर घासाघीस होते आणि क्रँक होता तसाच मख्ख. याचं कारण साधं आहे: कापड ॲल्युमिनिअमपर्यंत पोचतच नाही.

ॲल्युमिनिअमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर लगेच धरतो. हा नैसर्गिक थर जेमतेम २ ते ४ नॅनोमीटरचा. ॲनोडायझिंगमध्ये तोच मुद्दाम वाढवतात. भाग सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत टांगून विजेच्या धन टोकाला जोडला की थर हजारो पटींनी जाड होतो. शोभेच्या कामात साधारण ५ ते २५ मायक्रोमीटर. पॉलिशचं कापड अडतं ते याच थरावर. माणिक आणि नीलम ज्या संयुगाचे असतात तेच हे संयुग. इथे त्याचे स्फटिक नसतात, तरी थर चांगलाच कठीण असतो. स्वयंपाकघरातली काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई याच घराण्यातली. हा थर सूक्ष्म उभ्या नळ्यांचा असतो. रंगीत भाग हवा असेल तर या नळ्यांत रंग मुरवतात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून त्यांची तोंडं बंद करतात. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सायकलीचे जांभळे-निळे भाग फिके पडतात, ते थर झिजला म्हणून नव्हे. आतला रंग उन्हाने विटतो म्हणून.

आपल्या हातातला भाग ॲनोडाइज्ड आहे की उघडा, हे ओळखायला मल्टिमीटर, म्हणजे वीज वाहते का ते दाखवणारा मीटर, पुरतो. ऑक्साइड वीज वाहू देत नाही. दोन्ही टोकं हलकेच टेकवली आणि मीटर गप्प राहिला, तर थर शाबूत आहे. पॉलिशचं कापडही सांगतं: उघड्या ॲल्युमिनिअमवर ते दोन हातांत काळं होतं, थरावर जवळजवळ स्वच्छ राहतं.

थर काढायला कॉस्टिक सोडा वापरतात. परदेशात अनेक जण त्यासाठी ओव्हन साफ करायचा फवारा मारतात. त्यातही बहुधा कॉस्टिकच असतं. ऑक्साइड विरघळताना बुडबुडे येत नाहीत. ते यायला लागले की थर संपून सोडा धातूलाच भिडला आणि हायड्रोजन सुटतोय असं समजावं. त्याच क्षणी भाग बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवायचा. मिश्रधातूतलं तांबं सोड्यात विरघळत नाही, त्यामुळे वर काळपट राप उरतो. तो घासून निघतो, घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते सोड्याला. हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि मोकळी हवा यांशिवाय हे काम करू नये. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही.

पुढचं काम पॉलिश पेपरचं. ४०० नंबरच्या पेपरचा कण सुमारे ३५ मायक्रोमीटरचा, २००० नंबरचा सुमारे १०. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. पृष्ठभागावरचे ओरखडे त्याहून बारीक होत नाहीत तोवर प्रकाश विखुरतो आणि धातू दुधी दिसतो. म्हणून २००० च्या पेपरनंतरही आरसा दिसत नाही. तो शेवटी बफ (फिरणारी कापडी चकती) आणि पॉलिशची पेस्ट देते. दर नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलली की आधीचे ओरखडे राहिले का ते चटकन दिसतं. इथे घाई करणारे पुन्हा ४०० वर परततात.

पण हा आरसा म्हणजे चिलखत उतरवलेला धातू. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा घामाचे थेंब पडून तो लवकर काळवंडतो, क्लोराइडमुळे बारीक खड्डेही पडतात. मेण लावून ठेवलं तरी पॉलिश पुन्हा पुन्हा करावंच लागतं. त्यामुळे थर शाबूत आणि एकसारखा असेल तर साबणाच्या पाण्यावर भागवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सोड्याला हात घालावा तो फक्त अर्धवट उडालेल्या, डागाळलेल्या थरासाठी.

दिसायला सर्वांत जास्त फरक पाडणारं काम तर यातलं नाहीच. चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चकती), स्टेम (हँडल धरणारा भाग), लिव्हर यांवर कोरलेल्या अक्षरांतला रंग उडालेला असतो. तो परत भरायचा. खाच स्पिरिटने पुसून घ्यायची, टूथपिकच्या टोकावर एनॅमल रंगाचा थेंब घेऊन खाचेत टेकवायचा. पृष्ठताण आणि केशाकर्षण रंगाला स्वतःहून कोपऱ्यांत ओढून नेतात, ब्रशची गरज पडत नाही. थोडा सुकला की जुन्या प्लास्टिक कार्डाला सुती कापड ताणून गुंडाळायचं, थिनरचा नुसता ओलावा द्यायचा आणि सपाट धरून वरून ओढायचं. कार्ड खाचेत उतरत नाही, म्हणून वरचा सांडलेला रंग निघतो आणि आतला राहतो. बोटावर कापड घेतलं की ते खाचेत दबतं, आणि सगळं पहिल्यापासून.

क्रोमच्या भागांना मात्र पेपर लावूच नये. वरचा क्रोम एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो, चमक बरीचशी खालच्या निकेलची.

घासायला घेण्याआधी क्रँक भिंगाखाली बघावा. उजव्या क्रँकचा दांडा जिथे चेनरिंगच्या पाच फाट्यांना मिळतो, त्या बेचक्यांत जुन्या कॅम्पान्योलो क्रँकना बारीक तडे जातात. धातू दर पावलाला वाकून थकतो आणि टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. तिथली रेघ पेपरने गेली तर तो ओरखडा. राहिली, तर त्या क्रँकवर पाय ठेवायचा नाही, मग तो कितीही चकचकीत असो.