तेलकट खाल्ल्यावर किडनीच्या जागी दुखणं

भजी, तर्रीवाला रस्सा, लग्नातलं जेवण असं तेलातुपाचं पोटभर खाल्लं की तासाभरात, नाहीतर मध्यरात्री झोपेतून उठवत उजव्या बरगडीखाली किंवा मागे पाठीत कळ सुरू होते आणि माणूस कमरेवर हात ठेवून सांगतो, किडनी दुखतीये. दुखणं खरंच असतं, पण दुखणारा अवयव बहुतेक वेळा किडनी नसतो, पित्ताशय म्हणजे गॉलब्लॅडर असतो.

किडनी रक्त गाळते, लघवी बनवते, चरबी पचवायचं काम तिच्याकडे नाहीच. ते काम पित्तरसाचं, तो लिव्हरमधे तयार होतो आणि लिव्हरखाली चिकटलेल्या छोट्या पिशवीत साठतो, तिच्यात जेमतेम 30 ते 50 मिली मावतं. तेलकट घास लहान आतड्यात पोचला की कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि पिशवी आवळून रस बाहेर सोडते. आत खडा असला तर तो तोंडाशी अडकतो, पिशवी दाब देतच राहते, रस जात नाही आणि जीव घाबरा होईल अशी कळ येते, सोबत मळमळ, उलटी. खडा मागे सरकला की थांबते, म्हणून अर्धा तास ते पाच-सहा तास दुखून दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, आणि तपासणी राहून जाते. पाठीत जाणवायचं कारण असं की पित्ताशयाच्या नसा मणक्यात जिथे शिरतात तिथेच पाठीच्या वरच्या भागाच्या नसाही येतात, मेंदूची गल्लत होते, त्यात उजवी किडनीही लिव्हरच्या लगेच खालीच असते.

आपल्याकडे भाषेनेही घोटाळा होतो. पित्त झालंय म्हणजे आपण अ‍ॅसिडिटी समजतो, ती जठरातल्या अ‍ॅसिडची, आणि पित्तरस हा वेगळाच हिरवट पिवळा द्रव. तसंच खडे म्हटलं की मुतखडा डोक्यात येतो, मग कुळथाचं पाणी, पानफुटी सुरू होतं. पण मुतखडा बहुतेकदा कॅल्शियम ऑक्झलेटचा आणि पित्ताशयातला खडा बऱ्याचदा कोलेस्टेरॉलचा, आणि ही पिशवी लघवीच्या वाटेवर नाहीच, कितीही पाणी प्यायलं तरी तो खडा लघवीतून पडणार नाही. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबूरस पिऊन शौचातून जे हिरवे गोळे पडतात ते पण खडे नसतात, तेलाचा पोटात झालेला साबण असतो.

मुतखड्याची कळ ओळखू येते, ती कुशीतून जांघेकडे उतरते, लघवीला जळजळ किंवा रक्त असतं, माणूस एका जागी बसू शकत नाही आणि जेवणाशी तिचा मेळ नसतो. एक खरा दुवा मात्र आहे. आतड्याच्या आजाराने किंवा (हृदयाच्या नव्हे) जठर-आतड्याच्या बायपास ऑपरेशनमुळे चरबी नीट शोषली गेली नाही तर ती कॅल्शियमला धरून बसते, एरवी त्या कॅल्शियमशी बांधलं जाणारं अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि किडनीत खडे होतात. पण हे महिन्या-वर्षांत घडतं, एका जेवणाने नाही.

वरच्या पोटातून सरळ आरपार पाठीत जाणारी, पुढे वाकल्यावर जरा हलकी होणारी कळ असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, आणि ती पित्ताशयातला खडा खाली घसरूनही येते.

तपासणी म्हणजे सोनोग्राफी, सहा ते आठ तास उपाशीपोटी, कारण खाल्लं की पिशवी रिकामी होते आणि आतलं दिसत नाही. साध्या एक्सरेत मुतखडे बरेचदा दिसतात, पित्ताशयातले थोडेच, त्यामुळे एक्सरे क्लीअर आला म्हणून निश्चिंत होऊ नये. न दुखणारे खडे सहसा तसेच ठेवतात, पण एकदा कळा सुरू झाल्या की पिशवीच काढायचा सल्ला देतात, नुसते खडे काढले तर परत होतात. भारतात दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा 1990 साली मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमधे डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केलं, आता तालुक्याच्या गावातही होतं. पिशवी नसली तरी रस लिव्हरमधून थेट आतड्यात येतो, जेवण पचतं, काहींना थोडे दिवस जुलाब होतात.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, किंवा सहा तासांनंतरही न थांबणारी कळ असेल तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. छातीत दडपण आणि घाम असेल तर आधी ईसीजी, कारण हार्ट अटॅकही कधीकधी जेवणानंतर वरच्या पोटातच दुखतो.