खासदारांनी लोकसभेत आवाज उठवला, पुढे त्याचं काय होतं? थोडी पार्श्वभूमी

हल्ली अधिवेशन सुरू झालं की फोनवर व्हिडिओ यायला लागतात, आपले खासदार लोकसभेत उभे, दीड मिनिटात घाईघाईने काहीतरी वाचतायत, खाली लिहिलेलं असतं की अमुक रस्त्याचा प्रश्न दिल्लीत गाजला. आणि मग सहा महिन्यांनी तोच रस्ता, तेच खड्डे, आणि लोक म्हणतात की अरे तेव्हा तर मांडला होता ना प्रश्न. मांडला होता, खरंच मांडला होता. पण मांडला म्हणजे नक्की कुठल्या खिडकीतून मांडला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि या खिडक्या एकदम नाही उघडल्या, सव्वाशे-दीडशे वर्षांत एकेक करून उघडत गेल्यात, तोच इतिहास जरा बघू.

सुरुवात अर्ज-विनंत्यांची. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची, तिचं मोठं काम हेच होतं, लोकांची गाऱ्हाणी गोळा करायची, नीट इंग्रजीत मांडायची आणि सरकारला पाठवायची. सरकारने वाचलं तर वाचलं. कौन्सिल, म्हणजे कायदे करणारं मंडळ, होतं तेव्हा, १८६१ च्या कायद्याने आलेलं, पण त्यात सभासदाला प्रश्न विचारायचा अधिकारच नव्हता, समोर जो कायदा आलाय त्यावर बोला आणि खाली बसा. प्रश्नाचा अधिकार आला १८९२ च्या कायद्याने, तोही सहा दिवस आधी नोटीस देऊन, अध्यक्षाला वाटलं तर नाकारणार, आणि उत्तर मिळालं की विषय संपला, त्यावर उलट विचारायचं नाही.

आता गंमत बघा. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला फेब्रुवारी १८९३ मध्ये, विचारणारे होते आजच्या उत्तर प्रदेशातल्या भिंगा या गावचे राजे, आणि विषय काय तर सरकारी साहेब दौऱ्यावर येतात तेव्हा त्यांना रसद पुरवताना गावातल्या दुकानदारांचे हाल होतात. म्हणजे आपल्याकडचा पहिला संसदीय प्रश्न परराष्ट्र धोरणाचा किंवा बजेटचा नव्हता, गावातल्या वाण्याचा होता. मला हे फार आवडतं, कारण आज कोणी म्हणतं की खासदाराने देशाचं बोलावं, गटार-रस्त्याचं काय बोलायचं तिथे, तेव्हा हा दाखला हाताशी असावा.

पुढे १९०९ मध्ये पुरवणी प्रश्न आला, पण फक्त ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतरांनाही विचारता यायला लागला, आणि खरी मजा तिथून सुरू झाली, कारण लिहून आणलेलं उत्तर सेक्रेटरी तयार करून देतो पण पुरवणी प्रश्नाला मंत्र्याला स्वतःला उभं राहावं लागतं. त्याच सुधारणांनी अजून एक गोष्ट आणली जी आपल्याला आजतागायत छळते, ती म्हणजे केंद्राचे विषय वेगळे आणि प्रांतांचे वेगळे. १९३५ च्या कायद्यात त्याच्या तीन याद्या झाल्या, त्याच घटनेच्या सातव्या परिशिष्टात आल्या. त्यामुळे आज खासदाराने पाण्याचं, दवाखान्याचं, पोलिसांचं काही विचारलं की उत्तराची पहिली ओळ ठरलेली, 'हा राज्य सरकारच्या अखत्यारीतला विषय आहे'. चिडायला होतं पण दरवेळी ती टाळाटाळ नसते, लोकसभेच्या नियमांतच आहे की जो विषय मुळात भारत सरकारचा नाही त्यावर प्रश्न घेता येत नाही. म्हणून हुशार खासदार दवाखान्याबद्दल विचारत नाहीत, दवाखान्याला जी केंद्राची योजना लागू आहे तिचे पैसे किती आले आणि किती खर्च झाले ते विचारतात. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नोत्तराचा तास पक्का झाला. आता लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, नोटीस १५ दिवस आधी, आणि कोणाचे प्रश्न घ्यायचे ते बॅलटने म्हणजे चिठ्ठी काढून. तारांकित म्हणजे मंत्री तोंडी उत्तर देणार, पण तासाभरात पाच-सहाच होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर. अतारांकित म्हणजे सरळ लेखीच. आता २५० प्रश्न दिवसाला आणि खासदार साडेपाचशेच्या आत-बाहेर, तर आपल्या तालुक्याचा प्रश्न लागणं म्हणजे नशीबच. ही खिडकी बंदही होऊ शकते, सप्टेंबर २०२० च्या कोविडमधल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं दिली. आणि विकलीही गेली आहे, डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांना दोन्ही सभागृहांनी काढून टाकलं, त्यात १० लोकसभेचे होते. (पैसे देऊन प्रश्न विचारून घ्यावासा वाटतो म्हणजे प्रश्नाला किंमत आहे, असाही याचा एक अर्थ निघतो, असो.)

ही खिडकी तुंबायला लागली म्हणून बाजूची उघडली. १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना आली, ती आपल्याच संसदेची कल्पना, तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावायचं. पण ती मोठ्या विषयांनाच मिळते. मग साठच्या दशकात शून्य प्रहर, ज्याला सगळे झिरो अवरच म्हणतात. हा नियमांच्या पुस्तकात नाहीच, प्रश्नोत्तरं संपली की दुपारी बारा वाजता सगळे एकदम उठून बोलायला लागायचे त्यातून ही पद्धत पडली आणि मग तिलाच शिस्त लावली. आता सकाळी १० च्या आत नोटीस द्यायची, नंबर लागला तर मिनिट-दोन मिनिटं मिळतात. जुलै २०१९ मध्ये एकदा लोकसभा रात्री उशिरापर्यंत चालवून दीडशेहून जास्त खासदारांना झिरो अवरमध्ये बोलू दिलं होतं. तुम्हाला फोनवर जे व्हिडिओ येतात ते बहुतेक इथलेच. आणि इथेच मेख आहे, झिरो अवरमध्ये मांडलेल्या मुद्द्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं मंत्र्यावर बंधन नाही. एखादा मंत्री समोर बसलेला असेल आणि मनात आलं तर उठून बोलतो, नाहीतर पुढचं नाव पुकारलं जातं.

त्यापेक्षा नियम ३७७ बरा. (कलम ३७७ वेगळं, ते दंडसंहितेतलं होतं, नावावरून दरवेळी कोणीतरी हसतंच.) यात खासदार २५० शब्दांच्या आत मजकूर लिहून देतो, अमुक स्टेशनवर गाडीला थांबा द्या, तमुक नदीवर पूल हवा, असे अगदी स्थानिक विषय असतात, दिवसाला वीसेक लागतात. पुष्कळदा वेळ नसतो म्हणून वाचतही नाहीत, नुसतं पटलावर ठेवलं असं धरतात, म्हणजे व्हिडिओसुद्धा नाही. पण याला संबंधित मंत्रालयाने महिन्याभरात खासदाराला लेखी उत्तर द्यायचं असतं. राज्यसभेत यालाच विशेष उल्लेख म्हणतात. तर बघा, जिथे कॅमेरा आहे तिथे उत्तराचं बंधन नाही आणि जिथे बंधन आहे तिथे कॅमेरा नाही.

संसदेच्या बाहेरचीही एक वाट आहे, खासदाराचं पत्र. दिल्लीच्या ऑफिसांत त्याला व्हीआयपी रेफरन्स म्हणतात, त्याची वेगळी नोंद असते, १५ दिवसांत पोच द्यायची आणि त्यापुढच्या १५ दिवसांत उत्तर द्यायचं असं केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं आहे. ते उत्तर कसलं असतं हा पुढचा प्रश्न. 'आपल्या पत्राची नोंद घेतली असून तपासणी केली जात आहे', अशा पत्रांच्या फायली खासदारांच्या ऑफिसात गठ्ठ्याने असतात.

म्हणजे सव्वाशे वर्षांत झालं काय, तर विचारायची सोय वाढत गेली, उत्तर द्यायची सक्तीही बऱ्यापैकी आली, पण उत्तरात जे म्हटलं ते करायची सक्ती? त्या दिशेने एकच गंभीर प्रयत्न झाला आणि तो एका मराठी माणसाच्या काळात झाला याचं आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर, त्यांनी १ डिसेंबर १९५३ ला सरकारी आश्वासनांची समिती नेमली. मंत्री सभागृहात म्हणतो बघतो, करतो, विचार करतो, आणि विसरतो, तर ते कोणीतरी लिहून ठेवून पाठपुरावा करायला नको का, इतकी साधी कल्पना. समितीत १५ खासदार. आणि त्यांनी काय केलं तर चक्क वाक्यांची यादी तयार केली, म्हणजे 'बाब विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असलं काही मंत्री बोलला की ते आश्वासन धरायचं आणि ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं. राज्यसभेची अशी समिती यायला १९७२ साल उजाडलं.

आता याचा उलटा परिणामही झालाच. एखादं वाक्य आश्वासन ठरतं म्हटल्यावर मंत्रालयातले बाबू शब्द जपून वापरणार, आश्वासन होईल असं काही लिहायचंच नाही, नुसती योजनेची माहिती द्यायची आणि खाली परिशिष्ट जोडायचं. अडकलंच तर मुदतवाढ मागायची, किंवा हे आश्वासन वगळा म्हणून समितीलाच विनंती करायची, तीही सोय आहे. विचाराधीन हा शब्द किती ताणता येतो ते आपण मराठीच्या अभिजात दर्जाच्या वेळी पाहिलंच, पठारे समितीचा अहवाल २०१३ चा, मध्ये कितीदा तरी खासदारांनी विचारलं आणि विचाराधीन हेच ऐकलं, मंत्रिमंडळाचा निर्णय झाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. बेळगावचं तर त्याहून अवघड, महाजन आयोग १९६६ चा, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हापासून 'न्यायप्रविष्ट' हे अजून एक उत्तर तयारच आहे.

मग काम होतं तरी कसं? कोकण रेल्वेचं घ्या. बॅरिस्टर नाथ पै १९५७ ला राजापूरमधून निवडून आले आणि कोकणात रेल्वे आणा म्हणून लोकसभेत बोलत राहिले, जानेवारी १९७१ मध्ये गेले तेव्हा गाडी पनवेलजवळच्या आपट्याच्या पुढे आलेली नव्हती. त्यांच्या जागी मधु दंडवते आले, तेही तेच मागत राहिले, १९७७ ला स्वतः रेल्वेमंत्री झाले, सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर फोम बसवून साऱ्या देशाची पाठ वाचवली, पण सरकारच १९७९ ला गेलं. रोह्याला गाडी पोचायला १९८६. पूर्ण मार्गाचं गणित जुळलं ते १९९० मध्ये, जेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री, म्हणजे मागणारा माणूसच तिजोरीपाशी बसला होता. तेव्हाही सरकारने सरळ पैसे नाही टाकले, वेगळं महामंडळ काढलं, ५१ टक्के रेल्वेचे, २२ टक्के महाराष्ट्राचे, बाकी कर्नाटक, गोवा, केरळ, आणि बरेचसे पैसे बाजारातून रोखे काढून उभे केले. सगळा मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. चाळीस वर्षं धरा.

याच्यामुळेच कदाचित १९९३ मध्ये खासदार निधी निघाला, नरसिंह रावांनी २३ डिसेंबरला जाहीर केला. आधी ५ लाख, मग वर्षाला १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी, २०११-१२ पासून ५ कोटी. छोट्या कामासाठी केंद्राच्या दारात उभं कशाला राहायचं, तुम्हीच सुचवा आणि जिल्हाधिकारी करून घेईल. सोय झाली हे खरं, सुप्रीम कोर्टानेही २०१० मध्ये योजना घटनेत बसते असं सांगितलं. पण माझं मत विचाराल तर यात एक नुकसान झालं, समाजमंदिर, हायमास्ट, बसथांबा इतक्यातच लोक खासदाराला मोजायला लागले, आणि मंत्रालयाकडून उत्तर काढून घेणं हे जे त्याचं मूळ काम, त्याचा हिशोब कोणी मागेनासं झालं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, भाषणाने काहीच होत नाही असंही नाही. १९६२ मध्ये गाझीपूरचे खासदार विश्वनाथ सिंह गहमरी यांनी लोकसभेत सांगितलं की आमच्याकडे लोक बैलाच्या शेणातून धान्याचे दाणे वेचून, धुऊन खातात. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगतात. सरकारने लगेच पूर्व उत्तर प्रदेशासाठी पटेल आयोग नेमला, अहवालही दोन वर्षांत आला, १९६४ ला. इतक्या झटपट प्रतिसाद क्वचितच मिळाला असेल कोणाला. त्या अहवालात गंगेवर पूल बांधून तारीघाटची रेल्वे गाझीपूरमार्गे मऊपर्यंत न्यावी असं होतं. त्या कामाचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं १४ नोव्हेंबर २०१६ ला, नेहरूंच्या जयंतीला, आणि भाषणात गहमरींचं नावही घेतलं गेलं.

त्यामुळे पुढच्या वेळी व्हिडिओ आला की खासदारांच्या ऑफिसला एवढंच विचारा की हे झिरो अवरमधलं आहे का ३७७ मधलं, आणि ३७७ मधलं असेल तर महिन्याभराने फोन करून मंत्र्याच्या पत्राची झेरॉक्स मागा. ते पत्र सभागृहात वाचलं जात नाही, खासदाराच्या नावावर पोस्टाने येतं आणि बहुतेक वेळा त्याच फायलीत राहतं.