२८,२३२ पोर्ट खातंय कोण?

जुन्या नाटकांची रेकॉर्डिंगं, विकत घेतलेले सिनेमे, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले व्हिडिओ हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर भरायचं, त्यावर जेलीफिनसारखं मोफत सॉफ्टवेअर चढवायचं आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर हवं ते पाहायचं. हा उद्योग आता नवी मुंबईत बऱ्याच घरांत चालतो. महापे, रबाळे, ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये दिवसभर सर्व्हर सांभाळणारी माणसं इथेच राहतात, आणि काहींना घरी आल्यावरही सर्व्हरशिवाय करमत नाही.

नेरुळमधलं असं एक घर डोळ्यांसमोर आणा. आजी हॉलमधल्या टीव्हीवर नाटक पाहतायत, ते अखंड चालू आहे. नातू आतल्या खोलीत मोबाइलवर सिनेमा लावायला जातो तर नुसतं चक्र फिरत राहतं. चार-पाच वेळा दाबल्यावर एकदा लागतो, पुढचा लावायला गेलं की पुन्हा चक्र. इंटरनेटचा वेग मोजला तर ठणठणीत. सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी नुसती हाक मारली, तर उत्तर तत्काळ. प्रोसेसर निवांत, मेमरी अर्धी रिकामी. तरी घरात निदान एकच होतं: ‘नेट स्लो आहे.’

नेट स्लो असतं तर आजींचं नाटकही अडखळलं असतं. जे चालू आहे ते चालतं आणि नवीन काही सुरू होत नाही, हे लक्षण वेगाच्या तुटवड्याचं नाही. नवं कनेक्शन उघडण्यासाठी लागणारं काहीतरी संपलंय. पिंग चालतो यावरून ते काय असेल याचाही अंदाज येतो, कारण पिंगला पोर्ट लागत नाही. बाकी जवळजवळ सगळ्याला लागतो.

पोर्ट म्हणजे पॅकेटवर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर, लिहिलेला एक आकडा. एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी पन्नास कामं चालू असतात. आलेलं पॅकेट त्यांतल्या कोणाचं, हे या आकड्यावरून कळतं. टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर कनेक्शन जोडून माहिती पोचवण्याच्या नियमांच्या, रचनेत या आकड्यासाठी १६ बिटांची जागा ठेवली आहे, म्हणून तो ० ते ६५,५३५ यांच्यातच असू शकतो. १९८१ सालच्या टीसीपीच्या मूळ दस्तऐवजात ही मर्यादा आहे आणि ती आजही तशीच आहे.

इथे भल्याभल्यांची एक गल्लत होते. सर्व्हरला दहा जण जोडले म्हणजे त्याचे दहा पोर्ट खर्च झाले, असं वाटतं. तसं नसतं. जेलीफिन ८०९६ या एकाच पोर्टवर बसून ऐकतं, आणि हजार जण आले तरी त्या सगळ्यांशी त्याच पोर्टवरून बोलतं. एक कनेक्शन ओळखायला चार गोष्टी एकत्र लागतात: इकडचा पत्ता, इकडचा पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचा पोर्ट. चारांपैकी एक जरी वेगळी असली तरी कनेक्शन वेगळं. प्रत्येक वेळी नवा पोर्ट काढावा लागतो तो जोडायला जाणाऱ्याला, म्हणजे क्लायंटला. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम या तात्पुरत्या कामासाठी ३२,७६८ ते ६०,९९९ हा पट्टा वापरते. मोजले तर २८,२३२ पोर्ट. आजच्या विंडोजचा पट्टा ४९,१५२ पासून वर, म्हणजे १६,३८४ पोर्टचा.

म्हणून ‘माझ्या सर्व्हरचे पोर्ट संपतायत’ असं वाटलं, तर ‘माझ्याकडे कोण कोण येतंय’ हे विचारून फार काही हाती लागत नाही. माझं मशीन स्वतः कुणाकडे जातंय, एकाच ठिकाणी वारंवार जातंय का, हे विचारावं लागतं. या दुखण्याचं निदान बहुतेक वेळा या प्रश्नातच असतं.

तरीही २८ हजार म्हणजे थोडे नव्हेत, एका घरात ते संपतीलच कसे? याचं उत्तर टीसीपीच्या टाइम-वेट नावाच्या अवस्थेत आहे. कनेक्शन बंद झालं तरी त्याचा पोर्ट त्याच पत्त्याच्या त्याच पोर्टकडे पुन्हा जायला लगेच मोकळा होत नाही. बंद केलेला मोबाइल नंबर आपल्याकडे ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, नाहीतर आधीच्या मालकाचे फोन नव्याला येतील. टाइम-वेट हेच करतं. नेटवर्कमध्ये रेंगाळलेलं एखादं जुनं पॅकेट उशिरा पोचलं आणि तोवर तीच चार आकड्यांची ओळख नव्या कनेक्शनला मिळालेली असली, तर जुना मजकूर नव्यात मिसळू शकतो. दुसरं कारण निरोपाच्या पोचपावतीचं. शेवटची पोचपावती वाटेत हरवली तर समोरचा पुन्हा विचारतो. त्याला उत्तर द्यायला कोणीतरी थांबलेलं हवं.

थांबायचं किती? पॅकेट नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त दोन मिनिटं जगेल असं १९८१ च्या दस्तऐवजात धरलं आहे आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिनिटं थांबायला सांगितलं आहे. दोन मिनिटांचा आकडा हा केवळ अभियांत्रिकी निर्णय आहे, अनुभवाने बदलता येईल, हेही तिथेच लिहिलंय. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. लिनक्सने ती वेळ ६० सेकंदांवर आणली. आणि हे थांबणं पदरी पडतं ते कनेक्शन आधी बंद करणाऱ्याच्या.

आता हिशेब करता येतो. २८,२३२ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला साधारण ४७०. एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टकडे यापेक्षा जास्त वेगाने कनेक्शनं उघडून बंद केली तर पोर्ट मोकळे होण्याआधीच संपतात. आता घरातली चार माणसं चार सिनेमे पाहतायत असं धरा. व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे मागवले जातात आणि प्रत्येक तुकड्याला नवं कनेक्शन लागतं, असं अगदी वाईटात वाईट धरू. तरी मिनिटाला ४० कनेक्शनं होतात. २८ हजारांपुढे ४०! आजी, नातू आणि त्याचे आईबाबा इथेच निर्दोष सुटतात. एवढ्या वेगाने मागण्या करणं माणसाला जमत नाही, त्यामागे एखादा प्रोग्रामच असणार.

या घरात तो सापडतो बैठकीच्या कपाटावरच्या रास्पबेरी पायमध्ये. हा इवलासा कॉम्प्युटर दोन कामं करतो. मोबाइलवरून येणाऱ्या मागण्या घेऊन आतल्या मीडिया सर्व्हरकडे पोचवतो, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सीचं काम. शिवाय त्यावर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आहे, ‘सध्या काय चालू आहे’ ते सर्व्हरला विचारून छोट्या पडद्यावर दाखवणारी. मध्यंतरी मीडिया सर्व्हर नव्याने बसवला, त्यात स्क्रिप्टची जुनी परवानगीची चावी रद्द झाली. स्क्रिप्ट विचारते, सर्व्हर नाही म्हणतो, स्क्रिप्ट कनेक्शन बंद करते आणि क्षणभरही न थांबता पुन्हा विचारते. घरातल्या नेटवर्कवर कनेक्शन जुळायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. सेकंदाला पाचशेचा वेग सहज गाठला जातो आणि मिनिटाच्या आत पट्टा रिकामा. प्रॉक्सीलाही त्याच मशीनवरून त्याच सर्व्हरच्या ८०९६ कडेच जायचं असतं. जुना पोर्ट मोकळा झाला की तो स्क्रिप्टच्या हाती लागेल की प्रॉक्सीच्या, हा नशिबाचा भाग; म्हणून नातवाचा सिनेमा कधी लागतो, कधी नाही. हॉलमधला टीव्ही रास्पबेरी पायला वळसा घालून थेट सर्व्हरला जोडलेला आहे, त्यामुळे आजींना यातलं काहीच जाणवत नाही.

खात्री करून घेणं सोपं आहे. रास्पबेरी पायवरच्या प्रॉक्सीच्या नोंदींमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ ही ओळ पुन्हा पुन्हा दिसते, लिनक्समधला ९९ क्रमांकाचा एरर. मग नेटस्टॅट किंवा एसएस ही आज्ञा चालवून कोणत्या अवस्थेतली किती कनेक्शनं आहेत ते मोजायचं. टाइम-वेटचा आकडा पंचवीस-तीस हजारांत आणि सगळ्यांचं टोक एकाच पत्त्यावर असेल तर चोर सापडला. स्क्रिप्ट थांबवून साठ सेकंद गेले की आकडा कोसळतो. नुसता प्रॉक्सी बंद-चालू करून मात्र उपयोग नाही, कारण टाइम-वेटची वही प्रोग्रामकडे नसते, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे असते.

लक्षणं अशीच, पण कारण वेगळं, असंही होतं. क्लोज-वेटचा आकडा फुगलेला असेल तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय आणि आपला प्रोग्राम आपली बाजू मिटायला विसरलाय. याला घड्याळ नाही. प्रोग्राम मरेपर्यंत ती तशीच लोंबकळतात, म्हणून इथे प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर आराम पडतो. एरर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा असेल तर पोर्ट शिल्लक आहेत, पण एका प्रोग्रामला दिलेली उघड्या फायलींची मर्यादा संपली आहे. ती बरेचदा १,०२४ असते, आणि लिनक्सच्या लेखी कनेक्शन हीसुद्धा एक फाइलच. आणि राउटर बंद-चालू केल्यावरच सुटका होत असेल तर राउटरची कनेक्शनांची यादी भरली आहे. लिनक्सवर चालणारे कित्येक राउटर जुळलेलं पण गप्प पडलेलं कनेक्शन मुळातल्या सेटिंगनुसार पाच दिवस यादीत ठेवतात. त्यात कोणी अनेक कॉम्प्युटरांकडून एकदम फाइल उतरवणारं टॉरेंट लावलं तर यादी भरायला वेळ लागत नाही.

उपायांबाबत इंटरनेटवर जुने सल्ले भरपूर फिरतात, त्यातला एक विषारी आहे: लिनक्समधलं ‘टीडब्ल्यू रिसायकल’ (टीडब्ल्यू म्हणजे टाइम-वेट) हे सेटिंग चालू करा. त्याने पोर्ट लवकर सुटत, पण एकाच राउटरमागून येणाऱ्या अनेक उपकरणांचा गोंधळ होऊन काहींची कनेक्शनं गुपचूप नाकारली जात. २०१७ साली लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. ‘टीडब्ल्यू रीयूज’ हे नावाने मिळतंजुळतं, पण बरंच सभ्य आहे. ते बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांपुरतं चालतं आणि अलीकडच्या लिनक्समध्ये मशीनच्या स्वतःशीच होणाऱ्या संभाषणासाठी मुळातच चालू असतं. पोर्टचा पट्टा १,०२४ पासून सुरू करून साठ हजारांपर्यंत रुंद करता येतो. पण पाचशेच्या वेगाने खाणाऱ्या स्क्रिप्टला दुप्पट ताट वाढलं तर ती वेग वाढवून तेही फस्त करू शकते.

खरा उपाय स्क्रिप्टमध्येच करायचा. नकार मिळाला तर थांबायचं, पुन्हा मिळाला तर त्याहून जास्त थांबायचं. आणि प्रत्येक प्रश्नाला नवं कनेक्शन न उघडता एकच उघडं ठेवून त्यावरून विचारत राहायचं. ही सोय एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या मागणी-उत्तराच्या नियमांच्या, १.१ आवृत्तीत १९९७ पासून आहे. प्रॉक्सीलाही सर्व्हरकडची काही कनेक्शनं उघडी ठेवायला सांगता येतं. एवढं केलं की टाइम-वेटचा आकडा हजारांतून दोन अंकांत येतो.

घराबाहेरून, लोकलमधून वगैरे पाहायचं असेल तर आणखी एक अडथळा येतो. त्यावर आपला काहीच ताबा नसतो. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, नवे पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून कित्येक ब्रॉडबँड कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटतात आणि त्या पत्त्याचे ६५ हजार पोर्टही घरांमध्ये विभागले जातात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपण अशा वाटणीत आहोत. मग आपल्या वाट्याचे पोर्ट शेकड्यांतही असू शकतात, आणि बाहेरून घरातल्या सर्व्हरपर्यंत थेट येणं जवळपास अशक्यच. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळत असेल तर ती घ्यावी, कारण तिच्यात पत्ता वाटून घ्यायची गरजच उरत नाही. नेरुळच्या त्या स्क्रिप्टला मात्र त्याने आळा बसला नसता. आयपीव्ही६ मध्ये पत्ता ३२ बिटांवरून १२८ बिटांवर गेला, पोर्टची जागा १६ बिटांचीच राहिली.